ग्रहणातली कात्री

"वसुमती, तू उद्याच होसकोट्याला जा. चंपाकडे राहा. मी बोलावीन तेव्हाच परत यायचं."

सासूबाई, भागीरथीबाई, हे बोलल्या तेव्हा वसुमती खाली बसून पुतणीच्या, प्रणिताच्या, ताटात सारूभात कालवत होती. तिचा हात भातातच राहिला... त्याच दिवशी सकाळी घरात आनंदाची बातमी आली होती, धाकट्या जावेला, विद्याश्रीला, पुन्हा दिवस गेले होते, देवापुढे साखर ठेवून झाली होती, शेजारच्या गौडाबाईंना सांगूनही झालं होतं, आणि त्या आनंदाचा पहिला हुकूम निघाला तो हा! जिनं या घराचं सगळं निस्तरलं तिलाच आधी उंबऱ्याबाहेर काढायचं. असतात बाई अशी घरं, आणि अशा घरांत अशा सुनाही असतात.

"मूल हातात येईपर्यंत मला तुझी सावली नको," भागीरथीबाई पुढे म्हणाल्या. "एकदा भोगलं तेवढं पुरे."

वसुमतीचे यजमान कृष्णाजी खाली मान घालून जेवत राहिले. धाकटा दीर रविकुमार, विद्याश्रीचा नवरा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसमधून नुकताच आला होता, त्यानं कन्नडमध्ये होकार देत "सरी, आई" एवढंच म्हटलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. फक्त विद्याश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. ते वसुमतीनं पाहिलं, आणि तिचा स्वतःचा अपमान ती तिथल्या तिथे विसरली.

हे घर जयनगरातलं. खाली शिंपीकामाचं दुकान, वर बिऱ्हाड. खापरपणजोबांच्या वेळेपासून बेंगळुरात मुरलेली ही मराठी माणसं, घरात मराठी बोलायची, दुकानात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. या घराची एक रीत होती, जिच्यावर कुणी कधी वाद घातला नाही. ग्रहणाचे वेध लागायच्या आत घरातल्या आणि दुकानातल्या सगळ्या कात्र्या लाल फडक्यात बांधून देवापुढे ठेवायच्या, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ग्रहण सुटेपर्यंत साधा दोरासुद्धा तोडायचा नाही. शिंप्याच्या घरात कात्री म्हणजे लक्ष्मी, पण ग्रहणात तीच वैरीण, असं भागीरथीबाईंच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी आपल्या सुनांना.

आणि वसुमतीच्या हाताची कात्री म्हणजे काय सांगावं... तिनं बेतलेल्या ब्लाऊजला गळ्याशी सुरकुती पडायची नाही. मल्लेश्वरम् काय, बसवनगुडी काय, लांबलांबून लग्नघरची माणसं "त्या मोठ्या सूनबाईंनाच कापायला सांगा" म्हणून यायची. मूलबाळ झालं नाही तिला. पण कात्री हातात आली की ते दुःख ती घटकाभर विसरायची.

विद्याश्रीच्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात ग्रहण आलं. नेमकी त्याच दिवशी एक नवरीची आई दुकानात येऊन रडत बसली, दुसऱ्या शिंप्यानं ब्लाऊज बिघडवला होता आणि मुहूर्त दुसऱ्या सकाळचा. वसुमतीला दया आली. तिनं लाल फडकं सोडलं, कात्री काढली. विद्याश्री शेजारी होती, तिनं आपण होऊन रेशमी कापडाचं टोक धरलं. बस्स, एवढंच झालं होतं.

मग प्रणिता जन्मली. वरून पाहाल तर देवानं निवांत बसून घडवलेली पोर. मोठे डोळे, भरदार जावळ. पण कमरेखाली पाठीचे मणकेच नव्हते. कणा मध्येच संपलेला, बसायचं हाड नाही, पाय काडीसारखे आणि मांडी घातल्यासारखे आत वळलेले, लघवीवर ताबा कधी येणारच नाही असं डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. कॉडल रिग्रेशन, हजारो मुलांत एखाद्यालाच होतं म्हणे. भागीरथीबाईंनी ते नाव ऐकलंसुद्धा नाही. त्यांनी नातीची ती अर्ध्यावर संपलेली पाठ पाहिली, मग मोठ्या सुनेकडे पाहिलं. "कात्री चालवलीस ना तू? बघ, कापलीस पोरीला."

त्या दिवशी वसुमतीच्या हातातून कात्री गेली ती गेलीच. कापायचं काम कृष्णाजींकडे आलं. ती हुक लावायची, काजं करायची, हातशिलाई घालायची, दोरा तोडायचा तर दातानं तोडायची. प्रणिताच्या वाढदिवसाला ओवाळायला तिला पुढे येऊ देत नसत. मात्र दर तीन-चार तासांनी पोरीची लघवी नळी घालून काढायची, जखमा धुवायच्या, चादरी बदलायच्या, ते सगळं तिनंच करायचं. घाणीला तिचा हात चालत होता, ओवाळायला चालत नव्हता. असा न्याय!

आणि वसुमतीनं तो मुकाट्यानं सोसला, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती जी घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

विद्याश्रीला शाळेत असल्यापासून शुगर होती. रोज इन्सुलिन टोचून घेतल्याशिवाय जगता येणार नाही अशी. निपाणीकडच्या तिच्या आईवडिलांनी लग्न ठरताना ते लपवलं, दुखणं सांगितलं तर पोरगी घरातच राहील या भीतीनं, आणि लेकीकडून तसं वचनही घेतलं. वसुमतीनं तिला दुकानातल्या ट्रायलच्या पडद्यामागे सुई टोचताना पाहिलं, तेव्हापासून ती दोघींची गोष्ट झाली. कुणाला संशय येऊ नये म्हणून पहिल्या बाळंतपणाच्या सगळ्या डॉक्टरांपासूनही विद्याश्रीनं ती शेवटपर्यंत लपवायचा प्रयत्न केला, आणि शेवटी तिथेच पकडली गेली. प्रणिता झाल्यावर डॉक्टरांनी दोघींनाच आत बोलावून सांगितलं होतं, की आईची शुगर ताब्यात नसेल तर मुलाला असं होण्याचा धोका वाढतो. दर वेळी तेच कारण असतं असं नाही, पुष्कळदा कारण सापडतच नाही... पण ते पुढचं वाक्य विद्याश्रीच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

घरी आल्यावर, दिवेलागणीच्या वेळेला, ती गच्चीच्या कठड्यावर चढलेली वसुमतीला दिसली. ओली बाळंतीण, अंगात धड बळ नाही. वसुमतीनं तिला कमरेला मिठी मारून खाली ओढलं, दोघी सिमेंटवर पडल्या.

"अक्का, मी मारलं गं माझ्या लेकीला. जिवंतपणी मारलं."

"गप्प. तू काही केलेलं नाहीस. कात्री मी चालवली होती, सगळं घर तेच म्हणतंय, म्हणू दे. तो बोल माझ्यावर राहू दे. मला मूल नाही, माझ्याकडे कुणी तसं बघायला नाही. तुला तर आई म्हणून उभं राहायचंय."

असं ते वचन. आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, फ्रिज घरात एकच, म्हणून वसुमतीनं सगळ्यांना सांगून टाकलं की शुगर मला झाली आहे. झालं, तेव्हापासून तिची कॉफी बिनसाखरेची, उगादीच्या पाडव्याला सगळ्यांच्या पानात पुरणाची होळिगे आणि तिच्या पानात कोरडी चपाती. धडधाकट बाई वर्षानुवर्षं आजारी म्हणून जगली. भागीरथीबाई म्हणायच्या, केलेल्या पापाची फळं आहेत ही.

म्हणून तर त्या दिवशी होसकोट्याचं नाव निघताच विद्याश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. रोज सकाळ-संध्याकाळ समोर उभं राहून सुई घ्यायला लावणारी, उपासाच्या दिवशी पडद्यामागे केळं नेऊन देणारी अक्काच चालली होती.

सकाळी भागीरथीबाईंनी स्वतः फ्रिज उघडून इन्सुलिनच्या बाटल्या काढल्या आणि वसुमतीच्या पिशवीत घातल्या. "तुझं औषध विसरू नकोस. तिकडे काही झालं तर लोक आम्हाला नावं ठेवतील."

वसुमतीनं पिशवी घेतली, आणि खाली दुकानात पडद्यामागे विद्याश्रीला गाठून तिच्या मुठीत त्यातली एक बाटली कोंबली.

"एकही सुई चुकवायची नाहीस. आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं, विद्या. या खेपेला तरी. अगं, शुगर आधी आवरायची आणि मग दिवस जाऊ द्यायचे, असं त्यांनी किती बजावलं होतं... मलासुद्धा सांगितलं नाहीस."

"ठरवून नाही गं झालं." विद्याश्रीनं तिचा हात घट्ट धरला. "डॉक्टर ह्यांना सांगतील. हे आईंना. मग एक दिवस प्रणिताला कळेल. अक्का, माझी लेक माझ्याकडे तशा नजरेनं बघेल ना, त्या दिवशी मला कुणी कठड्यावरून ओढू नका."

या बोलण्यापुढे वसुमतीचं कधी काही चाललं नव्हतं. त्या दिवशीही चाललं नाही. एकदा तोंड उघडलं असतं तर... पण तिनं उघडलं नाही, आणि त्याची टोचणी तिला जन्मभर पुरणार होती.

निघताना प्रणिता दोन्ही हातांवर अंग उचलत, सरकत दारापर्यंत आली. शेजारच्या मुलांचं ऐकून ती मोठ्या काकूला कन्नडमधल्यासारखं दोड्डम्मा म्हणायची.

"तू बाळाला पण कापशील म्हणून आज्जी तुला पाठवतेय का, दोड्डम्मा?"

वसुमती खाली बसली. पोरीच्या केसांची बट कानामागे सारली. "मी स्वल्प दिवस लांब राहिलेलीच बरी, राणी."

"पण तू मुद्दाम नव्हतं केलंस."

"नाही. मुद्दाम नव्हतं केलं."

कृष्णाजींनी रिक्षा आणली. वाटेत ते एकदाच बोलले, ट्रॅफिक फार आहे म्हणून. माणूस वाईट नव्हता, फक्त आईसमोर त्याची जीभ कधी उचलली गेली नाही.

होसकोट्याला मावसबहीण चंपाच्या घरी वसुमतीचा वेळ जाईना. चंपाचा नवरा कारखान्यात पाळीवर जायचा, चंपा दिवसभर टीव्हीपुढे. वसुमती फोन हातात धरून बसायची. विद्याश्री फोनवर गोड बोलायची, हो घेतली सुई, हो जेवले, तू काळजी नको करू. उलट्या होतात थोड्या, पण या दिवसांत होणारच की. तिचा आवाज कोरडा वाटला वसुमतीला, जीभ टाळूला चिकटल्यासारखा. तिनं खोदून विचारलं तर विद्याश्रीनं आई हाक मारताहेत म्हणून फोन ठेवला.

मग चौथ्या दिवशी दुपारी प्रणिताचा फोन आला.

"दोड्डम्मा, अम्मा उठत नाहीये. सकाळपासून नुसती उलटी करतेय, आज्जी म्हणते डोहाळे कडक आहेत. पण ती श्वास कसातरीच घेतेय गं, मोठामोठा. आणि तिच्या तोंडाला नासक्या फळासारखा वास येतोय."

वसुमती ताडकन उठून उभी राहिली. तो वास तिनं एकदा अनुभवला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, विद्याश्रीनं चार सुया चुकवल्या होत्या तेव्हा.

"राणी, अम्मानं सुई घेतली का? छोटी काचेची बाटली, कुठे ठेवलीय बघ बरं."

पोर सरकत गेल्याचा आवाज आला, फोन जमिनीवर घासत होता. "इथे उशीखाली आहे. भरलेलीच आहे. झाकण पण उघडलं नाहीये."

म्हणजे एकही नाही. तिनं एकही सुई घेतली नव्हती... का, ते पुढे तिनंच सांगितलं. त्या बाईच्या मनानं घेतलं होतं की पहिल्या वेळी त्या सुयांनीच घात केला असेल. या वेळी सुई नाही टोचली, तर कदाचित हे मूल पुरतं येईल. कुणाला विचारायची सोय नव्हती तिला. गुपित सांभाळणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवणार कोण?

वसुमतीनं वचन मोडायला एक क्षणही लावला नाही. तिनं रविकुमारला फोन लावला. "भावजी, नीट ऐका. विद्याला शुगर आहे, लहानपणापासून. माझी नाही, ती तिची औषधं. मी गेल्यापासून तिनं इन्सुलिन घेतलेलं नाही. डोहाळेबिहाळे काही नाहीत हे, तिचा जीव चाललाय. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा."

ती होसकोट्याहून निघाली ती पायातल्या चपला कुणाच्या आहेत तेही न पाहता. बस टिन फॅक्टरीच्या चौकात अडकली ती हलेना, पुढे मेट्रोचे खांब, मागे लॉऱ्या, आणि बसमधली माणसं निवांत शेंगा खात बसलेली. तिला सगळ्यांवर ओरडावंसं वाटत होतं. ती खिडकीचा गज धरून उभी राहिली.

ती पोचली तोवर विद्याश्री अतिदक्षता विभागात होती. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणत होत्या. पोटातलं मूल मात्र गेलं होतं, त्याच्या हृदयाचा ठोका थांबला होता.

भागीरथीबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी प्रणिता चाकांच्या खुर्चीत. वसुमतीला पाहताच त्या उठल्या आणि तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "ही बघा. शुगर हिला आहे, आमच्या मोठीला. तुमची काहीतरी गफलत होतेय. धाकटी चांगली होती."

डॉक्टर थकलेल्या होत्या. त्यांनी वसुमतीकडे पाहिलं, काही विचारलं नाही, नर्सकडून यंत्र घेतलं आणि तिच्या बोटाला टोचून थेंब पाहिला. "यांना काहीही नाही, अज्जी. अगदी ठणठणीत आहेत."

"काहीही नाही कसं? ही गोड खात नाही. कितीक वर्षं खात नाही ही!"

वसुमती भिंतीला टेकून खाली बसली. "गोड नाही खाल्लं म्हणून कुणी मरत नाही, आई."

डॉक्टरांनी मग प्रणिताकडे पाहिलं, तिच्या आत वळलेल्या पायांकडे पाहिलं, आणि नर्सला तिला बागेकडच्या खिडकीशी न्यायला सांगितलं. मोठ्यांना त्यांनी कन्नडमध्ये, साध्या शब्दांत समजावलं. मुलाचा कणा आईच्या पोटात पहिल्या महिना-दीड महिन्यातच घडतो, तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही माहीत नसतं. ते जे काही झालं ते तेव्हाच झालं. कदाचित शुगरमुळे, कदाचित नाही, आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"पण ग्रहण पाचव्या महिन्यात होतं," भागीरथीबाई म्हणाल्या.

"पाचव्या महिन्यात तुम्ही आख्खं दुकान कापून काढलं असतं तरी काही झालं नसतं, अज्जी. मुलगी आधीच तशी होती."

भागीरथीबाई आपल्या मोठ्या सुनेकडे नुसत्या बघत राहिल्या, जणू कुणी अनोळखी बाई त्यांच्या घरात इतकी वर्षं राहून गेली होती. कृष्णाजी जिन्याजवळ उभे होते, ते पुढे आले, म्हणाले, "तुझ्या हातची कात्री मी घेतली. मी एकदा तरी विचारायला..." आणि खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी तोंड झाकलं. रविकुमार तर लहान पोरासारखा रडत होता.

"वैनी, मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कधी विचारलंत, भावजी? बायको उपासाला पांढरी पडते, रात्री पाणी पिऊन पिऊन उठते, कधी विचारलंत?"



दोन दिवसांनी विद्याश्री शुद्धीवर येऊन वॉर्डात आली, तेव्हा जे व्हायची भीती होती तेच झालं. भागीरथीबाई तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. म्हातारीच्या मनात इतकी वर्षं साठलेला राग होता, त्याला आता नवं तोंड मिळालं होतं. "तू लपवलंस," त्या म्हणाल्या. "रोग लपवून माझ्या घरात आलीस, माझ्या नातीची माती केलीस, आणि आता हे दुसरं..."

वसुमती खाटेच्या आणि सासूच्या मध्ये येऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासूचा हात धरला, आणि तो घट्ट धरला.

"आई, बास. तुम्हाला बोल ठेवायला कुणीतरी लागतंच, तर मी आहे ना. मला सवय झालीय. माझ्यावरच ठेवा, जन्मभर ठेवा, मी हूं की चूं करणार नाही. पण हिच्यावर नको. हिचं मूल गेलंय, आई. ही पेलणार नाही."

"अक्का, नको गं," खाटेवरून विद्याश्रीचा क्षीण आवाज आला. "आता तरी नको... आई, हिनं मला कठड्यावरून खाली ओढलं होतं. प्रणिता झाली त्याच महिन्यात. मी जीव द्यायला चढले होते. मी जगावं म्हणून हिनं ते कात्रीचं खरं करून घेतलं. मला सगळं कळत होतं, तुम्ही हिला पोरीला ओवाळू देत नव्हतात तेव्हा मी तिथेच उभी असायची. आणि मी गप्प बसले. बोलायचंच असेल तर त्याबद्दल बोला मला."

भागीरथीबाईंनी हात सोडवून घेतला. त्या वॉर्डाबाहेर गेल्या, आणि रविकुमार सांगत होता, खालच्या कँटीनपाशी एका पायरीवर बसून त्या दुपारभर उठल्याच नाहीत.

विद्याश्री घरी आली. वसुमतीही आली, तिला जा म्हणायला कुणी उरलं नव्हतं. घरात सगळे हळू बोलत, सुतक असल्यासारखे, आणि सुतक होतंच की, कुणाला मोठ्यानं म्हणता येत नव्हतं एवढंच. भागीरथीबाई आपल्या खोलीतून फारशा बाहेर येत नव्हत्या. मोठ्या सुनेशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

प्रणिताला काय सांगायचं, यावरून दोघी जावांचं भांडण झालं, आयुष्यातलं पहिलं. "तिला काही कळायला नको," वसुमती म्हणत होती. "माझ्या नावावर आहे ते राहू दे. पोरीला आई हवी, काकू वाईट असली तरी चालते." पण विद्याश्री आता ऐकणारी नव्हती. एक मूल गमावून तिच्यातली भीतीच जळून गेली होती जणू.

एका सकाळी वसुमती प्रणिताची नळी काढून तिला कोरडी करत होती, तेवढ्यात विद्याश्री येऊन खाटेवर बसली आणि तिनं लेकीला सगळं सांगितलं. शुगर म्हणजे काय, आपण ती कशी लपवली, कणा कधी घडतो, कात्रीनं कुणाची पाठ कशी कापली जात नाही. तिनं स्वतःला कुठेही सोडवून घेतलं नाही.

प्रणितानं ऐकून घेतलं. सवयच होती तिला, पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

"म्हणजे दोड्डम्मानं नाही कापलं मला."

"नाही, बाळा. कुणीच नाही कापलं."

मग पोरीनं मान वळवली आणि वसुमतीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता.

"मग तू हो का म्हणालीस? मी रोज देवापाशी तुला माफ करत होते, दोड्डम्मा. रोज. पाय दुखले तरी करायची, हॉस्पिटलात होते तेव्हा पण करायची. मला किती कठीण जायचं माहितेय? आणि तू काही केलंच नव्हतंस?"

एवढ्याशा जिवानं रोज एवढं ओझं उचललं होतं, आणि ते आपण त्याच्या डोक्यावर ठेवलं, आईला वाचवायच्या नादात. वसुमतीला वाटत होतं की आपण एकटीच सोसतोय... ती पोरीच्या पायांशी डोकं टेकून हुंदके देऊ लागली. विद्याश्रीही रडत होती, पण तिनं लेकीवरची नजर काढली नाही.

प्रणिता मात्र रडली नाही. तिनं भुवया आवळून विचार केला.

"मग आता मी माफ कुणाला करू? अम्मा तर आजारी होती. आजारी माणसाला कसं माफ करायचं?"

दाराशी हालचाल झाली. भागीरथीबाई उभ्या होत्या, किती वेळ कुणास ठाऊक. चौकटीला धरून त्या आत आल्या, आणि ज्या बाईनं आयुष्यात कधी सुनांसमोर खाली बसून बोलायची वेळ येऊ दिली नाही ती म्हातारी गुडघे टेकत, कण्हत, नातीच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. तिचा एक हात चाचपडत पुढे गेला आणि वसुमतीच्या पाठीवर थांबला.

"मला कर, बाई," त्या म्हणाल्या. "मी केलंय."

खाली दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, कृष्णाजी कन्नडमध्ये त्याला बसायला सांगत होते.

प्रणितानं आज्जीकडे पाहिलं.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्यापासून बघते."

मग तिनं दोन्ही हात वसुमतीच्या गळ्यात टाकले. "उचल मला. मला खाली दुकानात बसायचंय. तू कापताना बघायचंय."